मीटर १.१ दाखवतो, मग पलीकडे कोणी ऐकत का नाही?

(पॉडकास्टच्या या भागाचं हे लिखित रूप. बोलण्यातले ‘बरं का’ आणि ‘म्हणजे बघा’ थोडे कमी केलेत, सगळे नाही. आकडे ऐकताना निसटतात, म्हणून इथे नीट लिहिलेत.)

मागच्या भागात आपण हॅम रेडिओचा परवाना, परीक्षा आणि कॉलसाइन यांवर बोललो. त्यानंतर जे निरोप आले, त्यातले निम्मे अँटेनाबद्दल होते. त्यातला एक मी आज उचललाय, कारण त्यात जवळजवळ सगळंच आलंय.

श्रीवर्धनजवळच्या एका गावातून आलाय. मुलगा डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. २०२० च्या ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ त्याच भागात जमिनीवर आलं, तेव्हा तो शाळेत होता. वीज गेली, मोबाइलचे टॉवर बंद पडले आणि मुंबईतल्या मोठ्या भावाला ‘आम्ही ठीक आहोत’ एवढं कळवायला घरच्यांना कित्येक दिवस लागले. म्हणून त्याने परवाना काढला. आता त्याच्याकडे पाच वॅटचा हातातला सेट आहे, घराच्या स्लॅबवर नऊ मीटर उंचीवर दोन मीटर बँडचा ग्राउंड प्लेन अँटेना आहे आणि खालच्या खोलीपर्यंत तीस मीटर केबल आहे. तो लिहितो, “दादा, एसडब्ल्यूआर मीटर १.१ दाखवतो. म्हणजे अँटेना एकदम परफेक्ट आहे. पण डोंगरावरचा रिपीटर उघडत नाही. पहिले दोन महिने उघडत होता. पावसाळ्याच्या आत पाइप अजून दहा फूट वाढवू का?”

माझं उत्तर होतं, पाइपला हात लावू नकोस. आधी केबल बघ.

का, ते सांगतो. पण ज्यांना एसडब्ल्यूआर म्हणजे काय तेच माहीत नाही, त्यांच्यासाठी दोन वाक्यं. रेडिओतून निघालेली शक्ती केबलमधून अँटेनापर्यंत जाते. अँटेना नीट जुळलेला नसेल तर त्यातली काही परत फिरते. किती परत फिरली यावरून मीटर एक आकडा काढतो. १ म्हणजे काहीच परत आलं नाही. १.५ ला सुमारे ४ टक्के परत येते, २ ला ११ टक्के, ३ ला २५ टक्के. सगळे जण या आकड्याच्या मागे लागतात आणि १ च्या जवळ आला की फोटो काढून ग्रुपवर टाकतात.

आता गंमत बघा. ‘काहीच परत आलं नाही’ याचे दोन अर्थ होतात. एक, सगळी शक्ती अँटेनातून बाहेर पडली. दुसरा, ती वाटेतच संपली. मीटरला हा फरक कळत नाही. डमी लोड नावाची वस्तू असते, म्हणजे पन्नास ओहमचा एक जाडजूड रेझिस्टर. तो जोडला तर मीटर १.० दाखवतो आणि त्यातून आवाज शेजारच्या घरापर्यंतही नीट जात नाही. मग तो उत्तम अँटेना झाला का?

केबल हीच वाटेत शक्ती खाणारी गोष्ट आहे. आपल्याकडे सर्रास मिळते ती बारीक काळी आरजी-५८. स्वस्त आहे, वळते छान, खिडकीच्या फटीतून जाते. पण १४५ मेगाहर्ट्झला तीस मीटर आरजी-५८ साधारण पाच ते सहा डेसिबल खाते. सहा डेसिबल म्हणजे खालून पाच वॅट सोडले तर वर सव्वा वॅट पोचतो. ही नव्या कोऱ्या, कोरड्या केबलची गोष्ट आहे हं. शिवाय जी शक्ती अँटेनावरून परत फिरते, तिलाही खाली येताना तीच केबल पुन्हा खाते. त्यामुळे वरचा अँटेना खरोखर वाईट असला, म्हणजे तिथे एसडब्ल्यूआर ३ असला, तरी खाली रेडिओपाशी मीटर १.३ दाखवतो. आणि अँटेना काढून केबलचं वरचं टोक नुसतं उघडं ठेवलं, तिथे काहीही जोडलेलं नाही, तरी खाली १.७ दिसतो! टोकाला अँटेनाच नाही आणि मीटर म्हणतोय, ‘चालेल की’.

त्यामुळे तीस मीटर बारीक केबलवर १.१ दिसला की मला आनंद होत नाही, शंका येते.

आता त्याने केलेल्या तपासण्या. आम्ही फोनवरच बोलत होतो, तो गच्चीवर आणि मी इथे. रिपीटरचा टोन आणि शिफ्ट त्याने आधीच तपासलं होतं. हे आधी बघायचंच, कारण निम्म्या वेळा ‘अँटेना बिघडला’ म्हणजे सेटमधली सेटिंग बदललेली असते. मग खालच्या खोलीत रेडिओला आखूड पॅचकॉर्ड आणि डमी लोड जोडला. पाच वॅट नीट निघत होते. म्हणजे रेडिओ सुटला, आखूड कॉर्ड सुटली. आता उरली मोठी केबल आणि अँटेना.

पुढची तपासणी वरच्या टोकाची. त्यासाठी पाइप खाली घ्यावा लागला. तो कसा घ्यायचा ते पुढे सांगतो, घाई करू नका. अँटेना सोडवला, केबलचं टोक मोकळं ठेवलं आणि खाली मीटर पाहिला. खरं तर हे काम नॅनोव्हीएनएने करावं. फोनएवढं यंत्र आहे, काही हजारांत मिळतं आणि चार मित्र मिळून घेतलं तर खिशाला जड नाही. ते नसेल तर रेडिओ सगळ्यात कमी शक्तीवर ठेवून क्षणभरच बटण दाबायचं, कारण उघड्या टोकावर पूर्ण शक्ती सोडत बसलात तर सेटचा शेवटचा ट्रान्झिस्टर जाऊ शकतो. आकडा आला १.२. नवी कोरडी केबल असती तर १.७ च्या आसपास किंवा त्याहून जास्त आला असता. १.२ याचा अर्थ केबल एका फेरीत दहा डेसिबलहून जास्त खातेय.

मग खात्री करायला शेवटची तपासणी. वरच्या टोकाला वॉटमीटर आणि त्यापुढे डमी लोड. खालून पाच वॅट. वर पोचला जेमतेम अर्धा वॅट, खरं तर त्याहून थोडा कमीच. पोरगा आठवडाभर अर्ध्या वॅटवर रिपीटरला हाका मारत होता आणि मीटर त्याला शाबासकी देत होता.

केबलचं वरचं टोक फूटभर कापायला सांगितलं. आतली तांब्याची जाळी चकचकीत लालसर असायला हवी. निघाली काळी, मधे मधे हिरवी. पाणी शिरलेलं. अजून एक मीटर कापली, तरी काळी. अजून एक, तरी तेच. जाळीच्या बारीक तारांमधून पाणी कंदिलाच्या वातीतल्या रॉकेलसारखं सरकत जातं, कितीतरी मीटर आत. अशी केबल सुकवून वापरायचा नाद करू नका. पाणी सुकतं, तांब्यावरचा गंज राहतो.

पाणी शिरलं कुठून? अँटेनाखाली जो स्क्रूवाला कनेक्टर असतो, पीएल-२५९, तिथून. हा कनेक्टर दिसायला मजबूत आहे, पण त्याच्यात पाणी अडवणारी कसलीही सोय नाही. एन टाइप कनेक्टरमध्ये रबरी वायसर असतो, यात नाही. त्यावर आपल्या मित्राने वायरमनची साधी काळी चिकटपट्टी गुंडाळली होती. ती उन्हात सैल झाली, तिचा गोंद ओघळला आणि पहिल्या पावसात आत पाणी.

कनेक्टर बंद करायची पद्धत शिकून घ्या, दहा मिनिटांचं काम आहे. एक रबरी टेप मिळतो, ज्याला गोंद नसतो. तो ताणून गुंडाळला की स्वतःलाच चिकटून एकजीव होतो. आधी तो, मग त्याला उन्हापासून वाचवायला वरून चांगल्या प्रतीचा काळा पीव्हीसी टेप. आणि गुंडाळायचा खालून वर. कौलं शाकारताना आपण वळचणीकडून सुरुवात करून आढ्याकडे जातो की नाही? तसंच. म्हणजे वरचा पदर खालच्यावर येतो आणि पाणी बाहेरून ओघळतं. वरून खाली गुंडाळलात तर प्रत्येक पदर पाण्यासाठी पन्हळ होतो. दुसरं, केबल खिडकीतून आत घेण्याआधी तिला खाली एक झोल द्या, म्हणजे अंगावरून आलेलं पाणी झोलाच्या तळाशी टपकेल, घरात येणार नाही. भोकातून सरळ आत घेतलेली केबल पावसाळ्यात नळ असते.

आता त्याच्या मूळ प्रश्नाकडे, पाइप दहा फूट वाढवू का. हिशोब करू. या बँडवर लहरी जवळपास सरळ रेषेत जातात. अँटेनाची उंची मीटरमध्ये घ्या, तिचं वर्गमूळ काढा, ४.१२ ने गुणा. तेवढे किलोमीटर त्याचं क्षितिज. नऊ मीटरला ते १२.४ किलोमीटर येतं, बारा मीटरला १४.३. म्हणजे दहा फूट पाइप, जादा ताण आणि वाढलेला धोका हे सगळं दोन किलोमीटरसाठी. रिपीटर ६०० मीटर उंच डोंगरावर असेल तर त्याचं स्वतःचं क्षितिज शंभर किलोमीटरच्या पुढे आहे. तिथे तुमचे दोन किलोमीटर कोण विचारतो? याला अपवाद एकच. अँटेना शेजारच्या इमारतीच्या किंवा नारळ-पोफळीच्या शेंड्यांच्या खाली अडकला असेल तर तेवढा वर काढण्यात खरा फायदा आहे. ओली झावळं या लहरी बऱ्यापैकी शोषतात. त्याच्या घरापाशी तसं नव्हतं.

त्याने काय केलं ते सांगतो. रेडिओ खालच्या खोलीतून माडीवर नेला. केबल तीसवरून अठरा मीटरवर आली. आरजी-५८ च्या जागी जाड आरजी-२१३ घेतली. ही अठरा मीटरला सुमारे दीड डेसिबल खाते. पाच वॅटमधले साडेतीन वर पोचतात. अर्ध्या वॅटच्या जागी साडेतीन, म्हणजे सातपटीहून जास्त, आणि पाइप एक इंचही वाढला नाही. रिपीटर पहिल्या हाकेला उघडला. मीटर आता १.४ दाखवतो आणि तो त्यावर खूश आहे, यातच तो शिकलाय.

आरजी-२१३ महाग आहे, मान्य. ज्यांना परवडत नाही त्यांच्यासाठी एक गोष्ट, जी जुने हॅम नाक मुरडून सांगतील. डिश टीव्हीची आरजी-६ केबल ७५ ओहमची असते, आपल्याला हवी ५० ची. पण त्या तफावतीने केबलवरचा एसडब्ल्यूआर दीडच्या आसपास जातो, म्हणजे परत फिरते ४ टक्के. आणि १४५ मेगाहर्ट्झला ती आरजी-५८ च्या निम्म्याहूनही कमी डेसिबल खाते. हातातल्या सेटच्या शक्तीला चालते. अडचण इतकीच की तिची जाळी बहुतेक अॅल्युमिनियमची असते, सोल्डर धरत नाही. तिचेच दाबून बसवायचे एफ कनेक्टर आणि अॅडॉप्टर वापरावे लागतात.

बरं, आता पाइप. हा भाग नीट ऐका, कारण केबल बिघडली तर बोलणं थांबतं, पाइप पडला तर माणूस जातो.

पहिली गोष्ट वीजवाहिनीची. गच्चीवर उभे राहा आणि पाइप कोणत्याही बाजूला आडवा पडला तर त्याचं टोक कुठवर जाईल, याचं वर्तुळ मनात काढा. त्यात अँटेनाची लांबी धरा आणि वर आणखी निदान तीन मीटर सोडा. त्या वर्तुळात महावितरणची कुठलीही तार येत असेल, मग ती घरात येणारी सर्व्हिस वायर का असेना, तर ती जागा रद्द. तिथे ‘सांभाळून करू’ चालत नाही. आपल्याकडे ११ हजार व्होल्टच्या उघड्या तारा कित्येक घरांच्या सज्जापासून हातभर अंतरावरून जातात, हे तुम्ही रोज बघता. आणि पाइप उभा करताना तो हातून निसटला, तर त्याला धरायला जाऊ नका. सोडून द्या, मागे सरा. पाइप नवा येतो. तारेवर पडणारा जीआय पाइप धरून ठेवलेल्या माणसाला हात सोडवता येत नाही.

दुसरी गोष्ट वाऱ्याची. वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. वेग दुप्पट, जोर चौपट. बांधकामासाठी जी भारतीय मानकं आहेत, त्यात पुण्यासाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ३९ मीटर आणि मुंबईसाठी ४४ मीटर धरलाय. ३९ मीटर म्हणजे ताशी १४० किलोमीटर. त्या वाऱ्यात एक चौरस मीटर सपाट पत्र्यावर सुमारे ९३ किलोचा दाब येतो. सहा मीटर लांब, पाच सेंटिमीटर जाड पाइपची समोरून दिसणारी बाजू ०.३ चौरस मीटर भरते, म्हणजे २८ किलो. पाइप गोल असल्याने प्रत्यक्षात काहीसा कमी, पण अँटेनाचा वेगळा धरावा लागतो, तेव्हा आपण २८ च धरू. तुम्ही म्हणाल, २८ किलो म्हणजे काय मोठं, तांदळाचं एक पोतं. पण हा जोर पाइपच्या मध्यावर, तीन मीटर उंचीवर आडवा लागतोय. पाइप गच्चीच्या कठड्याला दोन क्लॅम्पने धरलाय आणि क्लॅम्पमध्ये फक्त एक फूट अंतर आहे, असं समजा. तर प्रत्येक क्लॅम्पवर २८० किलोची ओढ येते. तेच क्लॅम्प एक मीटर अंतरावर लावले तर ८४ किलो. त्याच पाइपला, त्याच वाऱ्यात. आणि कठडा अर्ध्या विटेचा, गिलावा केलेला असेल तर तो या दोन्हींसाठी नाही. क्लॅम्प कॉलमला, बीमला किंवा जिन्याच्या खोलीच्या पक्क्या भिंतीला लावा. पाण्याच्या प्लास्टिक टाकीला पाइप बांधलेले मी पाहिलेत. टाकी रिकामी असली की ती पण बरोबर जाते.

म्हणून सहा मीटरच्या पुढे ताण हवेतच. तीन ताण, सारख्या अंतरावर, १२० अंशांनी. पायथ्यापासून नांगराचं अंतर ताण जिथे बांधलाय त्या उंचीच्या निदान साठ-सत्तर टक्के. याहून उभट ताण पाइपला बाजूला धरण्याऐवजी खाली दाबत राहतो. आणि प्रत्येक ताणाला स्वतःचा नांगर. एक सोडला की दुसरा सैल होईल, अशी एकमेकांत अडकवलेली बांधणी करू नका.

इथे मार्कोनीची गोष्ट सांगायलाच हवी. अटलांटिक ओलांडून संदेश पाठवायचा म्हणून १९०१ मध्ये इंग्लंडच्या कॉर्नवॉलमधल्या पोल्धू इथे वीस डोलकाठ्यांचं रिंगण उभं केलं होतं, प्रत्येक काठी २०० फूट उंच. काठ्यांची डोकी एकमेकींना तारांनी बांधलेली. त्यांच्याच इंजिनिअरने, व्हिव्हियनने, ही बांधणी धोक्याची असल्याचं सांगितलं होतं. सप्टेंबरमध्ये वादळ आलं आणि सगळं रिंगण कोसळलं. अमेरिकेत केप कॉडला तसंच दुसरं रिंगण होतं, ते नोव्हेंबरमध्ये पडलं. मग पोल्धूला दोन साध्या काठ्यांमध्ये पंख्यासारख्या तारा ताणल्या आणि पलीकडे न्यूफाउंडलंडमध्ये १२ डिसेंबर १९०१ ला मार्कोनीने चक्क पतंगाला ५०० फूट तार बांधून कानाला रिसीव्हर लावला. मोरसचं ‘एस’ अक्षर ऐकू आल्याचं त्याने सांगितलं. खरंच आलं होतं का, यावर रेडिओवाले आजही भांडतात. काठ्या का पडल्या, यावर कोणी भांडत नाही.

ताण कशाचा? नायलॉनची दोरी भिजली की ताणली जाते आणि उन्हाने दोन-तीन वर्षांत तिचा भुगा होतो. पॉलिएस्टरची दोरी बरी. लोखंडी तार सगळ्यात मजबूत, पण ती अँटेनाशेजारी असेल तर स्वतःच अँटेना होते आणि तुमची जुळणी बिघडवते. म्हणून तिचे तुकडे करून मधे चिनी मातीचे इन्सुलेटर घालतात. विजेच्या खांबाच्या ताणात अंड्यासारखा ठोकळा पाहिलाय ना, तोच. त्यात दोन्ही तारांचे फास एकमेकांत गुंतलेले असतात. ठोकळा फुटला तरी फास फासात अडकतो आणि ताण तुटत नाही. इतकी साधी आणि हुशार वस्तू मी क्वचित पाहिलीय.

पाइप खाली घेण्याबद्दल सांगायचं राहिलं होतं. पाइपवर चढायचं नाही. शिडी पाइपला टेकवायची नाही. पहिल्या दिवसापासून पायथ्याला बिजागरी करा, म्हणजे एक ताण सोडून पाइप हळूहळू आडवा करता येतो. निदान तीन माणसं हवीत. एक पायथ्याशी, एक सोडलेल्या ताणाची दोरी हळूहळू ढिली करणारा आणि एक दूर उभा राहून फक्त बघणारा, ज्याने ‘थांब’ म्हटलं की सगळे थांबतील. हा तिसरा माणूस सगळ्यात महत्त्वाचा. आणि तो फोनवर शूटिंग करणारा नसावा.

ज्यांनी चाळीस मीटर बँडसाठी तारेचा डायपोल लावलाय त्यांच्यासाठी थोडक्यात. एकूण लांबी मीटरमध्ये म्हणजे १४३ भागिले मेगाहर्ट्झ. ७.१ ला २०.१४ मीटर, म्हणजे एका बाजूला दहा मीटर आणि सात सेंटिमीटर. पण आधी तार थोडी लांबच ठेवा. समजा मीटरवर सगळ्यात कमी आकडा ७.१ ऐवजी ६.९ ला आला, तर तार लांब आहे, प्रत्येक बाजूला २९ सेंटिमीटर कमी करायची. कापू नका, टोक मागे दुमडून तारेलाच पीळ द्या. उंची बदलली की आकडा पुन्हा सरकतो आणि कापलेली तार परत जोडायला कंटाळा येतो. रेडिओला हात लावल्यावर किंवा केबल हलवल्यावर मीटरचा आकडा बदलत असेल, तर केबलची बाहेरची बाजूच अँटेनासारखी वागतेय. अँटेनापाशी केबलवर फेराइटच्या रिंगा घाला. आणि नुसती खरखर येत असेल तर सेट बॅटरीवर ठेवून घराचा मेन स्विच पाडा. खरखर थांबली तर चोर घरातच आहे, बहुतेक स्वस्त एलईडी बल्ब किंवा फोनचा चार्जर. एकेक एमसीबी चढवत गेलात की सापडतो.

शेवटची गोष्ट वीज, आकाशातली. आपल्याकडे ती वळवाच्या पावसात आणि परतीच्या पावसात जास्त पडते, म्हणजे एप्रिल-मे आणि ऑक्टोबरच्या दुपारी. पाइपला जाड तांब्याची पट्टी लावून ती शक्य तितकी सरळ खाली अर्थिंगच्या खड्ड्यात न्या आणि तो खड्डा घराच्या अर्थिंगशी जोडलेला असू द्या. दोन वेगळी अर्थिंग ठेवलीत तर वीज पडल्यावर त्या दोघांमध्ये हजारो व्होल्टचा फरक पडतो आणि तो तुमच्या रेडिओतून वाट काढतो. गडगडाट सुरू व्हायच्या आधी केबल सेटमधून काढा आणि टोक खिडकीबाहेर सोडा. नुसतं सेट बंद करून उपयोग नाही. आणि थेट वीज पडली तर यातलं काहीच पूर्ण वाचवेल असं मी सांगणार नाही.

एवढा खटाटोप कशासाठी, असं विचारणारे असतात. डिसेंबर २००४ मध्ये भारती प्रसाद आणि त्यांचे सहकारी अंदमानात पोर्ट ब्लेअरला हौशी रेडिओची मोहीम चालवत होते. जगभरातल्या हॅमना त्या दुर्मीळ बेटांशी संपर्क मिळावा, एवढाच हेतू. २६ तारखेला त्सुनामी आली. त्यांचे अँटेना उभे होते आणि चालू होते, म्हणून बेटांवरच्या माणसांच्या खबरी मुख्य भूमीवर पोचू लागल्या. संकट आल्यावर त्यांना पाइप उभा करायला जावं लागलं नाही.

प्रश्न पाठवत राहा. फक्त ‘अँटेना चालत नाही’ असं लिहू नका. बँड कोणता, केबल कोणती आणि किती मीटर, कनेक्टर कधी बंद केला, मीटरचा आकडा नक्की कुठल्या टोकाला घेतला, आणि बिघाड पावसाआधीचा की नंतरचा, एवढं लिहा. जाळी कापून बघितली असेल तर तिचा फोटोही पाठवा, उजेडात काढलेला.